पाय नेमके फुटतात कुठून?

मुलांसाठीच्या कीटकांच्या पुस्तकाची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा संपादकांनी एकच अट घातली: चित्र गोड नको, खरं हवं. डोळे, मिशा, पंखांवरची नक्षी यांची मला धास्ती नव्हती. समोर ठेवून बघत बघत ते काढता येतं. हात थबकला तो मधल्या भागाशी. डोकं आणि पोट यांच्यामध्ये जे असतं, जिथून सहाही पाय निघतात आणि पंखही निघतात, त्या वक्षाशी. शाळेच्या वहीत तिथे एक गोल काढून भागतं. पण वीतभर लांबीचा नाकतोडा काढायचा म्हटलं, की त्या गोलाच्या जागी काय आहे हे कळल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही.

रुईच्या झुडपांवर निळसर-हिरव्या अंगाचा, पिवळ्या पट्ट्यांचा जाडजूड नाकतोडा असतो. आमच्याकडे माळावर तो हवा तेवढा दिसतो. त्यातला एक मेलेला मिळाला. भिंगाखाली धरला आणि मी चक्रावून गेले. डोक्यामागे पाठीवर एक मोठं टणक कवच, दोन्ही अंगांनी खाली उतरलेलं. त्याच्या खालून पुढचे पाय डोकावत होते. मधले पाय मात्र त्या कवचाच्या मागे, कुशीतल्या तिरक्या पट्ट्यांच्या तळाशी. त्या पट्ट्यांवर रेघा, दोन रेघांमध्ये आणखी पट्ट्या, आणि वर मिटलेले पंख. उडी मारायचे मागचे पाय जिथे जोडले आहेत, तिथे वक्ष संपतो की तिथपर्यंत पोट आलेलं असतं, हे कितीही वेळा पाहिलं तरी ठरेना.

पुस्तकात हे सगळं फार सरळ असतं. वक्षाची तीन वलयं: प्रोथोरॅक्स, मेसोथोरॅक्स, मेटाथोरॅक्स. प्रत्येकाला पायांची एक जोडी. पंख फक्त मागच्या दोघांना; पहिल्या वलयावर पंख असलेला एकही कीटक आज जिवंत नाही. प्रत्येक वलयाची पाठ म्हणजे टर्गम, वक्षापुरतं त्यालाच नोटम म्हणतात. खालची बाजू स्टर्नम. दोन्ही कुशी म्हणजे प्ल्युरॉन. तीन वलयं, प्रत्येकाच्या चार बाजू, म्हणजे बारा तुकडे झाले. माझ्या नाकतोड्यावर मात्र तुकडे मोजता मोजता मी कुठवर आले तेच विसरत होते.

ओळखीच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही. त्यांच्या घरी गेले तर त्यांनी रॉबर्ट स्नॉडग्रास यांचं १९३५ सालचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ इन्सेक्ट मॉर्फॉलॉजी’ माझ्यापुढे ठेवलं. स्नॉडग्रास हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ, १८७५ ते १९६२ हा त्यांचा काळ. कीटकांचा वक्ष आणि पंखांचा सांधा यांवरचा त्यांचा मोठा निबंध १९०९ मध्येच आला होता. आपली चित्रं ते स्वतः काढत. चित्रकार म्हणून मी ती पानं किती वेळ बघत बसले होते! बारीक, ठाम रेघ. छायेचं काम गरजेपुरतंच. पण प्रत्येक तुकड्याला बाण आणि बाणाच्या टोकाला अक्षरं. एपिस्टर्नम, एपिमेरॉन, बेसालर, सबालर, ॲक्सिलरी एक, दोन, तीन. मला घाम फुटला.

बाई म्हणाल्या, “अगं, नावं पाठ करायला घेऊ नकोस, बुडशील त्यात. कवचाचा तुकडा दिसला की एवढंच विचार, याला आतून कोण ओढतंय?”

या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून ते जसंच्या तसं लिहिलं.

कीटकाला हाडं नसतात. त्याचं कवच हाच त्याचा सांगाडा. आपल्या अंगात स्नायू हाडाला बाहेरून धरतात, कीटकात ते कवचाला आतून धरतात. धरायला पकड हवी, म्हणून कवच जागोजागी आतल्या बाजूला दुमडलेलं असतं. ती दुमड बाहेरून आपल्याला रेघ म्हणून दिसते. मी ज्या रेघांनी हैराण झाले होते, त्यांतल्या कितीतरी रेघा दोन तुकड्यांमधला नुसता सांधा नव्हत्याच. प्रत्येक रेघेच्या मागे आत एक कणा होता आणि त्या कण्याला स्नायू लटकत होते.

बाईंनी मला ते उघडून दाखवलं. नाकतोड्याचा वक्ष कापून १० टक्क्यांच्या कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायचा. स्नायू, चरबी, आतडं सगळं विरघळून जातं; कायटिनच्या कवचाला पोटॅश काही करू शकत नाही. सकाळी पाण्याने धुतला तेव्हा हातात उरली एक मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक पोकळ पेटी. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ती उलटी धरली आणि पहिल्यांदा आतून पाहिली. खालच्या बाजूकडून वर आलेला, दोन फांद्यांचा आधार. त्याला फर्का म्हणतात. पाठीच्या तुकड्यांमधून आत खोल उतरलेले पडदे, ते फ्रॅग्मा. आणि दोन्ही कुशींत, तळापासून थेट वरपर्यंत चढलेला एक जाड कणा.

या कुशीतल्या कण्याजवळ थोडं थांबायलाच हवं. बाहेरून तो म्हणजे प्ल्युरल सूचर, एक साधी तिरकी रेघ. तिच्या पुढचा तुकडा एपिस्टर्नम, मागचा एपिमेरॉन. रेघेच्या खालच्या टोकाला एक उंचवटा असतो, त्यावर पायाचा पहिला खंड, म्हणजे कॉक्सा, टेकतो. वरच्या टोकाला दुसरा उंचवटा, त्यावर पंख तोलला जातो. एकाच कण्याच्या एका टोकाला पाय आणि दुसऱ्या टोकाला पंख! चालताना जमिनीचा भार आणि उडताना हवेचा भार, दोन्ही तोच पेलतो. नाकतोड्यावर मी तो दोनदा शोधला, मधल्या वलयावर आणि मागच्या वलयावर. दोन समांतर तिरक्या रेघा. पुढच्या वलयाची कूस त्या मोठ्या कवचाखाली, म्हणजे प्रोनोटमखाली जवळजवळ दडलेली आहे. या रेघा सापडल्या आणि मधला पाय कुठून निघतो, मागचा कुठून, पंखाचं मूळ पायाच्या किती पुढे-मागे येतं, हे सगळं कागदावर आपोआप जागेवर बसलं. वक्ष कुठे संपतो तेही कळलं: मागच्या रेघेच्या एपिमेरॉनला लागून पोटाचं पहिलं वलय सुरू होतं.

नाकतोडा झाल्यावर माशी घेतली, आणि पुन्हा सगळं फिरलं.

खिडकीत एक मोठी हिरवी-निळी माशी नुकतीच मरून पडली होती, अजून मऊ होती. मायक्रोस्कोपखाली ठेवून मी तिची तीन वलयं शोधू लागले. पहिलं सापडेना, तिसरं सापडेना. डोक्यापासून पोटापर्यंत केसाळ, फुगीर असा एकच भाग. बाई म्हणाल्या, “हा सगळा मधला.” माशीचं मेसोथोरॅक्स इतकं वाढलेलं असतं की बाकीची दोन वलयं पुढे आणि मागे नुसत्या कडा होऊन राहतात. कारण उघड आहे. माशीला दोनच पंख, तेही मधल्या वलयावरचे. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या असतात, टोकाला फिकट गोळी असलेल्या. त्या हॉल्टेअर. माशी उडते तेव्हा त्याही पंखांच्याच वेगाने, पण उलट्या दिशेने हलत राहतात, आणि माशी हवेत वळली, कलली की मुळाशी पडणाऱ्या ताणावरून तिला ते कळतं. त्या काढल्या तर माशीला हवेत तोल सांभाळता येत नाही. हे मी वाचलं होतं. पण त्या दांड्या स्वतःच्या डोळ्यांनी, पंखाच्या मागे, पांढुरक्या खवल्याच्या आड पाहिल्या तेव्हा कुठे पटलं.

मग बाईंनी टाचणीचं डोकं माशीच्या पाठीवर टेकवलं आणि हलकेच दाबलं. दोन्ही पंख वर उचलले गेले. दाब सोडला, पंख खाली आले. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. मेलेली माशी पंख हलवत होती आणि टाचणी पंखांच्या जवळसुद्धा नव्हती.

पत्र्याच्या डब्याचं झाकण मध्ये दाबलं की कडा हलते, तसंच हे आहे. माशीचे उडण्याचे मोठे स्नायू पंखाला जोडलेलेच नसतात. एक संच पाठीपासून तळापर्यंत उभा असतो. तो आवळला की पाठ खाली खेचली जाते आणि पंख वर जातात. दुसरा संच पुढून मागे, फ्रॅग्मापासून फ्रॅग्मापर्यंत आडवा; तो आवळला की वक्ष लांबीने आखडतो, पाठ वर फुगते आणि पंख खाली येतात. म्हणजे माशी पंख हलवत नाही, ती आपला वक्ष हलवते. कवच लवचिक हवं, पण नेमक्या जागी. म्हणूनच एवढे तुकडे, एवढे सांधे. पंखाच्या मुळाशी असलेले छोटे ॲक्सिलरी तुकडे तर मला अजूनही नीट काढता येत नाहीत. तिसऱ्या तुकड्याला ओढणारा स्नायू पंख मागे दुमडतो, एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं आहे.

सांध्यांमधला लवचिकपणा येतो कुठून, याचं उत्तर १९६० मध्ये टॉर्केल वाइस-फॉग या डॅनिश शास्त्रज्ञाने टोळाच्या पंखाच्या सांध्यात शोधलं. रबरासारखं एक प्रथिन, रेझिलिन. ताणलं की त्यात घातलेली जवळजवळ सगळी ऊर्जा ते सोडल्यावर परत देतं. पंख वर थांबवायला लागलेला जोर असा खाली येताना कामी लागतो.

आता वेगाबद्दल. टोळाचे पंख सेकंदाला सुमारे २० वेळा हलतात. दर फडफडीला मज्जातंतूकडून एक इशारा, एक आकुंचन, सरळ व्यवहार. घरमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलतात, डासाच्या मादीचे ४०० ते ६०० वेळा, आणि काही अगदी बारीक चिलटांचे हजारावर. एवढ्या वेगाने दर वेळी इशारा पाठवणं मज्जातंतूंना शक्यच नाही. १९४९ मध्ये जे. डब्ल्यू. एस. प्रिंगल या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की माशीच्या कित्येक फडफडींमागे एखादाच इशारा येतो. बाकी काम वक्ष स्वतःच करतो: उभे स्नायू आवळले की आडवे ताणले जातात आणि त्या ताणानेच तेही आवळतात, मग पुन्हा उभे. मज्जातंतू फक्त हा खेळ चालू ठेवतो. कानाशी डास गुणगुणतो तो सूर म्हणजे याच पेटीच्या धडधडीचा वेग. हे वाचलं त्या रात्री मच्छरदाणीबाहेरचा तो सूर मी वेगळ्याच कानांनी ऐकत होते.

बाईंनी मग मला स्वतःच्या गच्चीवरच्या वांग्याच्या कुंड्यांपाशी नेलं. “पंख न हलवता वक्ष हलतो, ते इथे बघायचं,” म्हणाल्या. वांग्याच्या जांभळ्या फुलात पिवळे परागकोश असतात, त्यांना फक्त टोकाला भोकं. नुसतं फूल चाचपून पराग फारसा मिळत नाही. निळ्या पट्ट्यांची एक रानमाशी आली, परागकोशांना पायांनी घट्ट धरून त्यांच्यावर वाकली, पंख पाठीवर मिटलेले. आणि एक टोकदार, उडण्याच्या आवाजापेक्षा चढा सूर निघाला, क्षणभरच. तिच्या अंगाखाली पिवळी धूळ सांडली. पंख सांध्यापाशी जणू सुटे करून तिने उडण्याचेच स्नायू नुसते थरथरवले होते. आपल्या मधाच्या पोळ्यातल्या माश्यांना ही कला येत नाही. वांगी, टोमॅटो यांची फुलं अशी हलवायला या रानमाश्या आणि मोठे काळे भुंगेच लागतात. भरली वांगी रांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हे फुलाजवळ उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

यानंतर दिसेल त्या कीटकाचं मधलं अंग बघायची मला सवयच लागली. पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. वरून पाहिलं तर डोक्यामागचं रुंद कवच हाच त्यांचा वक्ष वाटतो, पण ते फक्त पहिलं वलय. मधल्या वलयाचा वरून दिसणारा भाग म्हणजे दोन कठीण पंखांच्या मुळाशी असलेला एवढासा त्रिकोण. ते कठीण पंख मधल्या वलयाचेच, पण ते झाकणाचं काम करतात. उडण्याचा भार मागच्या पातळ पंखांवर, म्हणून भुंगेऱ्यात तिसरं वलय दांडगं. माशीत मधलं, भुंगेऱ्यात मागचं. ज्या पंखावर भार, ते वलय मोठं.

चतुरांची गोष्ट निराळी. त्यांच्या खाली येणाऱ्या फटक्याचे स्नायू पंखाच्या मुळालाच जोडलेले असतात आणि चारही पंख वेगवेगळे हलवता येतात. त्यांचा वक्ष मागे इतका कललेला असतो की पंख मागे जातात आणि सहाही पाय पुढे, तोंडाजवळ येतात. त्या पायांचा ओंजळीसारखा आकार करून ते हवेतच शिकार पकडतात. पावसाळ्यानंतर थव्याने फिरणारे पिवळसर चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. तेव्हापासून चतुराचा तो तिरका वक्ष काढताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

आणि टोळ. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरकडे आली, तेव्हा शेतकरी थाळ्या बडवत, धूर करत रात्री जागत होते. वाऱ्याबरोबर अशी धाड दिवसाला शंभराहून अधिक किलोमीटर जाऊ शकते. तेव्हा मला फक्त खाणारी तोंडं दिसली होती. आता त्या बातमीचे फोटो पुन्हा बघताना सेकंदाला वीसदा आवळणारे ते आडवे-उभे स्नायू दिसतात.

सगळ्यात जास्त मात्र मला मुंगीने अडवलं. मुंगीची बारीक कंबर सर्वांना माहीत आहे. कंबरेच्या पुढे वक्ष, मागे पोट, असं कुणीही म्हणेल. बाईंनी कागदावर कंबरेच्या पुढच्या भागातच एक रेघ मारली आणि तिच्या मागच्या तुकड्यावर बोट ठेवलं. “हे पोट आहे.” मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या यांच्यात पोटाचं पहिलं वलय पुढे येऊन वक्षाला चिकटलेलं असतं; त्याला प्रोपोडियम म्हणतात. कंबर येते ती पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या वलयाच्या मध्ये. संपादकांशी यावर माझी चर्चा झाली. मुलांना तीन रंगांत तीन भाग दाखवायचे होते, आणि वक्षाचा रंग कंबरेपर्यंत न्यावा असं त्यांचं म्हणणं. मी प्रोपोडियमला पोटाचाच रंग दिला. कंबरेच्या पुढे, वक्षाला चिकटून, पोटाच्या रंगाचा तो तुकडा दिसतो तेव्हा मूल विचारणारच, आणि विचारावंच.

मुंगीतच आणखी एक गोष्ट आहे, ती मला अजून काढायची आहे. पावसाच्या सुरुवातीला पंखांच्या राणी-मुंग्या उडतात. त्यांचं मधलं वलय फुगीर, उडण्याच्या स्नायूंनी भरलेलं. मीलनानंतर राणी पंख मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि पुष्कळ जातींत हेच स्नायू हळूहळू विरघळून पहिल्या पिल्लांच्या पोषणाला लागतात. कामकरी मुंगीला पंख कधीच नसतात, पण तिचा वक्ष म्हणजे राणीचा वक्ष लहान करून ठेवलेला नव्हे. २०१४ मध्ये रॉबर्टो केलर, ख्रिस्तियां पीटर्स आणि पॅट्रिशिया बेलदाद यांनी दाखवलं की कामकरणीत पहिलं वलय मोठं झालेलं असतं आणि त्यात मानेचे जाड स्नायू असतात. स्वतःपेक्षा जड दाणा ती तोंडात उचलून नेते तो याच जोरावर. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एकाच वारुळातली राणी आणि कामकरीण शेजारी शेजारी, वक्ष उघडून दाखवायची आहे. बाईंनी पोटॅश आणून ठेवलं आहे. पंखांची राणी दिव्याखाली कधी सापडते याची मी वाट बघते आहे.